फुटलेल्या कपाची किंमत

वाट्या, बशा, सुरया आणि फुलदाण्या मिळून सुमारे १,७०० नग. किंमत अंदाजे एक अब्ज पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा हजार कोटी रुपयांच्याही वर. नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला एवढ्या मोलाची जुनी चिनी भांडी एका विश्वस्त मंडळाने कायमची देऊन टाकली. ही बातमी मी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली, कारण तिच्यात मुंबईचे नाव होते. ज्यांनी हा संग्रह जमवला ते सर पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली मुंबईत जन्मले होते.

गणित शिकवणारे आमचे एक सहकारी चहाचा घोट घेत म्हणाले, "आपा, है तो आखिर मिट्टीच ना! इतने में कितने स्कूलों को छत मिल जाती." सगळे हसले. मीही हसले. आमच्याच शाळेच्या दोन वर्गांवर पत्रे आहेत आणि पावसाळ्यात तिथे शिकवणे म्हणजे नुसते ओरडणे असते. त्यामुळे त्यांचे म्हणणे खोडून काढावे असे मला वाटले नाही. पण घरी येताना तो प्रश्न मनात घोळत राहिला. माणसाने वस्तूवर किती जीव लावावा? जी वस्तू हातातून निसटली की संपते, ती आपली आहे असे म्हणायचा अधिकार कुणाला आणि कशामुळे मिळतो?

आधी या संग्रहाची हकीकत सांगते. डेव्हिड हे बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या ज्यू समाजातले. वडील सर ससून डेव्हिड कापूस-सुताचे मोठे व्यापारी, बँक ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांपैकी एक. मुंबई आणि चीन यांच्यातला समुद्र या घराण्यांना अंगणासारखा होता. मुलाला मात्र चीनमधल्या बाजारभावापेक्षा तिथल्या भांड्यांनी ओढून नेले. १९२० च्या दशकात ते चीनला गेले आणि पुढे आयुष्यभर भांडी जमवत राहिले. नुसती जमवली नाहीत, तर त्यांच्यासाठी चिनी भाषा शिकले. जुन्या वस्तूंची पारख शिकवणाऱ्या एका चिनी ग्रंथाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. पैसेवाले पुष्कळ असतात, पण आपण विकत घेतलेल्या वस्तूची भाषा शिकणारे थोडे, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

१९५० साली त्यांनी सगळा संग्रह लंडन विद्यापीठाला दिला. १९५२ मध्ये तो एका घरात लोकांसाठी मांडला गेला. १९६४ मध्ये डेव्हिड वारले. पुढे विद्यापीठाला तो खर्च पेलेना, २००७ च्या अखेरीस ते घर बंद झाले आणि २००९ पासून ही भांडी ब्रिटिश म्युझियमच्या एका दालनात उसनी म्हणून राहू लागली. उसने होते ते २०२४ मध्ये कायमचे झाले.

या संग्रहातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे दोन उंच फुलदाण्या. पांढऱ्यावर निळे नक्षीकाम, त्यात ड्रॅगन, आणि हत्तीच्या डोक्याच्या आकाराचे कान. त्यांच्या मानेवर निळ्या अक्षरांत मजकूर आहे. त्यातली तारीख आपल्या कॅलेंडरने १३५१ सालातली येते. झांग वेनजिन नावाच्या एका भाविकाने एक धूपदाणी आणि दोन फुलदाण्या असा संच एका देवळाला अर्पण केला, घरातल्या सर्वांना सुखशांती लाभो एवढीच त्याची मागणी. तारखेमुळे अभ्यासकांना या फुलदाण्या फार मोलाच्या वाटतात, कारण त्या काळातल्या इतर निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे वय त्यांच्यावरून ताडता येते. डेव्हिड यांनी त्या दोन निरनिराळ्या ठिकाणांहून, निरनिराळ्या वेळी मिळवून पुन्हा एकत्र आणल्या. धूपदाणीचा पत्ता अजून लागलेला नाही.

आणि तो निळा रंग? त्याचा कोबाल्ट इराणकडून चीनमध्ये जात असे. पुढच्या काळात चिनी लोकांनी बाहेरून येणाऱ्या अशा निळ्याला 'हुइ-हुइ छिंग' म्हटले, म्हणजे मुसलमानी निळा. आपण कपबशीला चिनी मातीची म्हणतो आणि चिनी माणूस तिच्यावरच्या रंगाला मुसलमानांचा म्हणत होता. ब्रिटिश म्युझियममध्येच सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे, चीनमध्ये घडवलेले एक लेखणी टेकवायचे साधन आहे. डोंगराच्या शिखरांसारखा त्याचा आकार आहे आणि त्यावर फारसी अक्षरांत 'खामादान' लिहिले आहे. खामा म्हणजे कलम. आमच्या दहावीच्या मुलांना हा शब्द शायरीत भेटतो आणि ते दरवेळी अर्थ विसरतात. संगणकावर ते चित्र दाखवले तेव्हापासून कुणी विसरलेले नाही. वस्तूचा असाही उपयोग असतो.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. चिनी मातीची एक खोड आहे. सोन्याचा दागिना मोडला तरी सोने उरते, तांब्याचा हंडा चेपला तरी मोडीत जातो. चिनी मातीचे भांडे फुटले की त्याचे काहीच होत नाही. त्याची सगळी किंमत त्याच्या अखंड असण्यात. म्हणून १३५१ ची फुलदाणी आज उभी आहे याचा अर्थ असा की पावणेसातशे वर्षे तिला पुसणाऱ्या, उचलणाऱ्या, पेटीत भुसा घालून ठेवणाऱ्या, बैलगाडीतून नि जहाजातून नेणाऱ्या एकाही माणसाच्या हातून ती निसटली नाही. सतराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात म्हटले आहे की मातीच्या गोळ्यापासून तयार कपापर्यंत एक भांडे बहात्तर हातांतून जाते. ते बहात्तर धरा, आणि पुढच्या शतकांतले नोकर-चाकर धरा. यांच्यापैकी कुणाचे नाव भांड्यावर नाही. नावे आहेत ती राजांची. अठराव्या शतकातल्या छ्येनलोंग बादशहाने तर त्याच्याही सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या नाजूक फिक्या निळ्या भांड्यांवर स्वतःच्या कविता कोरवून घेतल्या. तसली भांडी जगात शंभरही उरलेली नाहीत. त्यांतली काही डेव्हिड यांच्या संग्रहात आहेत, कवितेसकट.

ज्याच्या हातून निसटले त्याची मात्र एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे. ती आपल्या मुलखातली आहे. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज १६०८ मध्ये सुरतेला उतरला आणि नंतर जहांगीर बादशहाच्या दरबारात काही काळ राहिला. त्याला तुर्की येत होती, त्यामुळे बादशहाशी थेट बोलता यायचे. त्याने लिहिले आहे की बादशहाची एक अत्यंत आवडती चिनी थाळी प्रवासात फुटली. ती ज्याच्या ताब्यात होती त्या सरदाराने घाबरून आपला विश्वासू माणूस गुपचूप चीनकडे रवाना केला, तशीच दुसरी आणायला. दोन वर्षे झाली, माणूस परतला नाही, आणि नेमकी तेव्हाच बादशहाला थाळीची आठवण झाली. सरदाराला एकशेवीस फटके मारले. मग काठ्या मोडेपर्यंत बडवले. मेला असे समजून पायाला धरून फरफटत कैदेत नेले. शहजाद्याने रदबदली केली म्हणून तो घरी गेला, दोन महिन्यांनी बरा होऊन समोर आला, तेव्हा हुकूम झाला: तशीच थाळी मिळेपर्यंत तोंड दाखवू नकोस. वाटखर्चाला पाच हजार रुपये दिले. चौदा महिने तो भटकतच होता. शेवटी खबर आली की इराणच्या शहाकडे तशी थाळी होती, आणि त्याने दया येऊन ती याला देऊन टाकली.

हॉकिन्स दरबारावर नाराज होऊन परत गेला होता, तेव्हा हकिकतीत थोडा मीठमसाला असेलही. पण ज्याने ज्याने एखाद्या घरात कपबशी फुटल्यानंतरची शांतता ऐकली आहे, त्याला ती खोटी वाटणार नाही.

मला तर ती वाचताना घाम फुटला. आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत एक काचेचे कपाट आहे. त्यात सहा कपबशा असतात, सोनेरी काठाच्या. साहेब लोक तपासणीला आले की त्या निघतात, एरवी कुलूप. काही वर्षांपूर्वी तपासणीच्या दिवशी शिपाई रजेवर होता. मी सातवीतल्या एका मुलाच्या हातात सहा कपांचा ट्रे दिला आणि म्हणाले, "जल्दी." खोलीच्या उंबरठ्यात त्याचा पाय अडला. एक कप पडला. मी सगळ्यांच्या देखत त्याला थप्पड मारली. तो रडला नाही, खाली बसून तुकडे वेचू लागला, तर मी त्यावरही ओरडले, हात कापेल म्हणून. त्या ओरडण्यातही काळजी किती आणि साहेबांसमोरची लाज किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो एक कप घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "टीचर, अम्मी ने दिया है." पांढरा, गुलाबी फुलांचा, बशीशिवाय. बाजारात तसलाच सोनेरी काठाचा कप शोधून पाहिला, सुटा कुणी देत नाही, म्हणून घरातला चांगला पाठवला, असे त्याने सांगितले. मी बी.एड. केलेली बाई. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. मी तो कप घेतला आणि कपाटात ठेवला.

बुखारी शरीफमध्ये एक वाकया आहे, तो मी मुलांना कैक वेळा सांगितला होता. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका बीबींच्या घरी होते. दुसऱ्या बीबींकडून सेवकाच्या हाती वाडग्यातून खाणे आले. घरच्या बीबींनी रागाने सेवकाच्या हातावर फटका मारला, वाडगा पडून फुटला. हुजूरांनी स्वतः तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न त्यात भरले, आणि हजर असलेल्यांना एवढेच म्हणाले की तुमच्या आईला मत्सर वाटला. सेवकाला थांबवून ठेवले, त्या घरातला धड वाडगा त्याच्या हाती देऊन परत पाठवला आणि फुटका तिथेच ठेवून घेतला, जिथे फुटला होता.

हा वाकया सांगताना मी नेहमी हुजूरांच्या नरमाईवर बोलत असे. त्या सेवकाकडे माझे लक्षच गेले नव्हते. हात त्याचा होता, वाडगा त्याच्याच हातून पडला, पण त्याला कुणी काही म्हटले नाही. नुकसान भरले ते ज्या घराने धक्का दिला त्या घराने. जहांगीरने उलट केले, आणि मीही. सहा कपांचा ट्रे बारा वर्षांच्या मुलाला देऊन घाई करणारी मी होते. धक्का माझा होता, तुकडे त्याने वेचले आणि धड कप त्याच्या अम्मीने दिला.

म्हणून मला वाटते की वस्तू जमवणे किंवा जपणे यात पाप नाही. त्या सहकाऱ्यांना मी आज एवढे सांगेन की ती भांडी विकून शाळा बांधल्या असत्या तर शाळा झाल्या असत्या, हे खरे, पण भांडी कुणा अब्जाधीशाच्या बंद खोलीत गेली असती आणि आमच्या मुलांना 'खामादान'सारखे काही बघायला मिळाले नसते. जपणे हीसुद्धा एक नेकी आहे. पण फुटणारी वस्तू ज्या क्षणी आपण घेतो, त्याच क्षणी तिचे फुटणेही आपण घेतलेले असते. ते दुसऱ्याच्या पाठीवर टाकता येत नाही. ज्याला हे कबूल नाही त्याने स्टीलचे पेले वापरावेत.

आता त्या इराणच्या शहाकडे वळते, कारण दया येऊन थाळी देणारा तो शहा म्हणजे शाह अब्बास. हॉकिन्सने मोगल दरबार सोडला त्याच १६११ साली शाह अब्बासने आपल्याकडची १,१६२ चिनी भांडी अर्दबील इथल्या शेख सफी यांच्या दर्ग्याला वक्फ केली. दर्ग्यातल्या एका दालनाच्या भिंतींत भांड्यांच्या आकाराचे कोनाडे कापून चिनीखाना सजवला गेला. प्रत्येक भांड्यावर वक्फाचा शिक्का कोरला: अलींचा दास अब्बास याने हे दिले. दास म्हटले खरे, पण नाव घातलेच. १६३७ मध्ये ओलेआरियस नावाचा जर्मन प्रवासी तिथे गेला, त्याने तीन-चारशे भांडी कोनाड्यांत पाहिली. त्याला सांगण्यात आले की दर्ग्याकडून शहाला आणि मोठ्या पाहुण्यांना जेवण जाते तेव्हाच ही वापरतात, आणि खुद्द शेख सफी मात्र लाकडी भांड्यातून जेवत. ज्याच्या नावाने हजारावर चिनी भांडी वक्फ झाली त्याचे स्वतःचे काम लाकडावर भागत होते, आणि ती भांडी निघायची ती मोठ्यांसाठीच! आमच्या शाळेच्या कपाटाहून हे फार वेगळे नाही.

तरी वक्फ ही कल्पना मला मालकीपेक्षा मोठी वाटते. वक्फ करणारा म्हणतो की यापुढे ही वस्तू माझी नाही, कुणाचीच नाही, सांभाळणारा फक्त मुतवल्ली. पण तीही शब्दावर टिकते आणि शब्द पाळायला माणसे लागतात. वक्फच्या जमिनींचे आपल्याकडे काय काय झाले ते या वाचकांना मी सांगायला नको. एका जुन्या चिनी थाळीवर दोन नावे कोरलेली आहेत. एक शाह तहमास्पची बहीण महीन बानू हिचे, तिने ती मशहदच्या दर्ग्याला वक्फ केली होती. दुसरे आपल्या शाहजहानचे. दर्ग्याची थाळी बादशहाकडे कशी पोचली ते थाळी सांगत नाही, आणि आपल्या काळात ती लिलावात विकली गेली. अर्दबीलची भांडी त्या मानाने नशीबवान, शेकड्यांनी उरली आणि बहुतेक आज तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

याच कारणाने त्या दोन फुलदाण्यांपाशी माझे मन अडते. झांग वेनजिनने त्या डेव्हिड यांना दिल्या नव्हत्या, ब्रिटिश म्युझियमलाही नाही. देवळाला दिल्या होत्या, आणि तसे मानेवर लिहून ठेवले होते. आपल्याकडे वाकिफची शर्त म्हणजे कायदाच समजतात. दुसऱ्या धर्माच्या माणसाची शर्त हलकी कशी ठरेल? डेव्हिड यांनी त्या लुटल्या नाहीत, रीतसर पैसे मोजले. बीजिंगच्या राजघराण्याने गरजेपोटी बँकेत गहाण टाकलेली आणि कधी न सोडवलेली काही भांडीही त्यांनी अशीच पैसे मोजून घेतली. पण ज्याच्या घरातला दागिना गहाण पडून बुडाला आहे त्याला विचारा, विकत घेणाऱ्याची पावती पाहून त्याचे समाधान होते का. पावतीने चोरीचा आळ जातो, एवढेच. पुढचा प्रश्न उरतो.

डेव्हिड यांनाही तो कुठेतरी जाणवला असावा, असे मला वाटते. नाहीतर आयुष्यभर जमवलेले माणूस जिवंतपणी का देऊन टाकतो? मात्र त्यांनी ते चीनला दिले नाही, जन्मगाव मुंबईलाही नाही. त्या वर्षांत चीनमध्ये नुकतीच क्रांती झाली होती, पुढे १९६६ नंतर तिथे जुन्या वस्तूंची मोडतोडही झाली, तेव्हा लंडनमध्ये त्या वाचल्या असे म्हणणारे म्हणतील. त्यात तथ्य आहे. पण २०२३ मध्ये त्याच ब्रिटिश म्युझियममधून बरेच जडजवाहीर चोरीला गेल्याचे उघड झाले, हेही तितकेच खरे. त्या फुलदाण्या परत द्याव्यात का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. देऊळ उरले आहे की नाही इथपासून प्रश्न सुरू होतो. एवढे मात्र वाटते की त्यांच्यासमोरच्या पाटीवर डेव्हिड यांचे नाव आहे तेवढ्याच ठळकपणे झांग वेनजिनची मागणीही असावी. घरातल्या सर्वांना सुखशांती लाभो, हे वाचल्याशिवाय कुणी पुढे जाऊ नये.

आमच्या कपाटात आता पाच सोनेरी काठाचे आणि एक गुलाबी फुलांचा कप आहे. पाच पाहुणे आले तर प्रश्न येत नाही. सहावा आला की शिपाई मामू ट्रे घेऊन दारात थांबतात आणि विचारतात, "आपा, ये किसको देना?" मी म्हणते, मला द्या. साहेब लोक समजतात की बाई विनयाने बेजोड कप घेत आहेत.

मुलगा दहावी होऊन गेला. यंत्रमागाच्या गल्लीत त्यांचे घर आहे, शाळेपासून दहा मिनिटांवर. कप परत द्यायला मी अजून गेलेली नाही.